खुंटीवरची टोपी

४ फेब्रुवारी

अहो,

तुरुंगातले साहेब पत्र आधी उघडून वाचतात आणि मगच तुमच्या हातात देतात, असं वकील म्हणाले. वाचू देत. माझ्याकडे झाकण्यासारखं काही नाही. उलट वाचणाऱ्यांनी चष्मा पुसून वाचावं, की टोपी काढायला मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं.

तुमच्या जबाबाचा कागद मी पाहिला. ‘बायको रोज कान भरायची, तिनं भरीस घातलं, म्हणून माझ्या हातून झालं.’ वा! कारखान्यात एवढी वर्षं छोटे मिस्त्री म्हणून राबलात, मशीन कोणाच्याही चुकीनं बंद पडलं तरी दुसऱ्याचं नाव कधी पुढे केलं नाहीत. मी शेजारणीला कौतुकानं सांगायची. आणि जन्मात एकदा खापर फोडायची वेळ आली तेव्हा माझं डोकं बरं सापडलं.

वाचणाऱ्या साहेबांना आमच्या बर्फाच्या कारखान्याची रीत ठाऊक नसणार, म्हणून नीट मांडते. तयार लाद्या भुशात रचून ठेवायची एक कोठी आहे. दार हातभर जाड. जो आत जाईल त्यानं आपली टोपी दाराशेजारच्या खुंटीवर अडकवायची. संध्याकाळी वॉचमन खुंट्या बघतो. टोपी दिसली तर हाक मारतो, थांबतो. खुंट्या रिकाम्या असल्या की बाहेरून अडसर घालतो आणि घरी जातो. आतून उघडायची कडी कधीच गंजून बसलीय. टोपी असताना कडी कशाला, असं सगळे म्हणायचे, आणि सगळ्यात जास्त मोठे मिस्त्रीच म्हणायचे.

त्या शनिवारी मोठे मिस्त्री टोपी अडकवून लाद्या बघायला आत गेले. वॉचमन आला तेव्हा खुंटी रिकामी होती. रविवारी सुट्टी. त्यांची मुलगी मावशीकडे गेलेली, त्यामुळे वाट बघणारंही कोणी नव्हतं. सोमवारी दार उघडलं तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले सापडले. आणि त्यांची निळी टोपी सापडली तुमच्या कोटाच्या खिशात, मालकांबरोबर तुम्ही नवा कारखाना बघायला गेला होतात तिथं. वाटेत नदी लागली असेल, नाले लागले असतील. एक टोपी टाकता आली नाही तुम्हाला?

आता मुद्द्याचं. वकील म्हणतात, मार्चअखेरच्या तारखेला कोर्टात तुम्ही हेच बोललात तर तुमची शिक्षा कमी होईल आणि मला आत घेतील. त्यांनी हे चहा पिता पिता सांगितलं, वर बिस्किट आहे का विचारलं. तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. कोर्टात उभे राहाल तेव्हा एक वाक्य बोला. टोपी मी काढली, माझ्या मनानं काढली. बायकोला मध्ये आणू नका. तुमच्याबरोबर एवढी वर्षं काढल्यावर एक वाक्य काही फार नाही.

तुमच्या आई माझ्याशी बोलत नाहीत. समोर ठेवलेलं मुकाट जेवतात, मग दारात बसून शेजारणीच्या कानाला लागतात. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून त्यांना वाटतं आपण कुजबुजतोय. सगळी गल्ली ऐकते. “पोरगा गाय होता हो माझा, गाय. हिनं बिघडवला.”

आणि हो, पोलिसांनी विचारलं म्हणून तुम्हालाही सांगून ठेवते. आपल्या स्वयंपाकघराची भिंत म्हणजे कोठीचीच भिंत, हे खरं. पण त्या संध्याकाळी मशीनच्या घरघरीत मला काहीएक ऐकू आलं नाही.

भेटीचा अर्ज केला आहे. नाही म्हणू नका.

११ फेब्रुवारी

अहो,

नाही म्हणालात. बरं झालं. फाटकाबाहेर उन्हात उभी राहिले, पिशवीत तुमची लोकरीची बंडी, आणि आतला शिपाई येऊन सांगतो की कैद्याला भेटायचं नाही. ठीक. माणसाला लाज वाटत असेल, तोंड दाखवावंसं वाटत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आणि परत फिरले तर भेटीच्या रांगेत कोण उभं? ती!

तिला सगळा कारखाना ‘ताई’ म्हणतो. मी म्हणत नाही, कधी म्हटलं नाही. ऑफिसच्या खिडकीत बसून पावत्या फाडते म्हणून कोणी ताई होत नाही. मोठ्या मिस्त्रींची मुलगी, नवरा गेल्यावर माहेरी आली, बापाचं घर सांभाळलं, सगळं कबूल. पण तिच्या बापाला ज्यानं मारलं त्याला भेटायला ही बाई जाते कशी? आणि ज्यानं मारलं तो तिला भेटतो कसा? मला नाही, तिला!

शिपायाला विचारलं तेव्हा कळलं की ती दुसऱ्यांदा आली होती. मागच्या खेपेला तिनं तुम्हाला स्वेटर दिला. बापाचा राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ लावलेला. मी तो ओळखते. ठिगळ कसं चौकोनी लावलंय, किती बारीक टाके, हे तुम्हीच मला घरी येऊन दाखवलं होतंत, माझ्या टाक्यांना नाव ठेवायला. तो स्वेटर तुम्ही अंगात घातलात? अहो, तो माणूस थंडीनं मेला!

माझी बंडी मी परत आणली. वाळत टाकली आहे, म्हणजे नेहमीसारखी ओलीच आहे. या घरात काही वाळतं का? भिंतीपलीकडे बर्फ, अलीकडे आम्ही. उशा ओल्या, काडेपेट्या ओल्या, मिठाला पाणी सुटतं. आणि वर बघावं तर ऑफिसवरच्या मोठ्या मिस्त्रींच्या घराची गच्ची, तिथं उन्हात तिच्या चादरी फडफडताहेत. मी काय मागितलं होतं? महाल मागितला नव्हता. ती गच्ची मागितली होती. तुम्ही मोठे मिस्त्री झाला असतात तर ते घर आपलं असतं आणि माझे कपडे दुपारपर्यंत वाळले असते.

वाचणाऱ्या साहेबांनी याचा भलता अर्थ काढू नये. म्हातारा खुर्ची कधी सोडणार, असं म्हटलं असेल मी. कोणती बायको म्हणत नाही? सेवेत दुसऱ्या नंबरवर असलेल्या सगळ्या माणसांच्या बायका घरोघरी हेच म्हणतात, म्हणून गावोगावचे पहिल्या नंबरचे मरून पडत नाहीत.

खरं सांगू का, तुमचं लग्न माझ्याशी लागलं नव्हतंच. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही मला काय सांगितलंत आठवतं? नवीन नोकरीत असताना तुम्ही त्या कोठीत अडकलात, मोठ्या मिस्त्रींनी दार तोडून बाहेर काढलं, स्वतःचे कपडे तुमच्या अंगावर घातले आणि उघड्या अंगानं तुम्हाला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून टोपीची रीत त्यांनी सुरू केली. तुमच्यासाठी! हे सांगताना तुमचे डोळे भरून आले होते. नवी नवरी काय ऐकायला बसलेली असते आणि मी काय ऐकलं.

आणि ती ठोक. दुपारी तुम्ही घरी जेवायला यायचात. मी गरम वाढायची. दोन घास पोटात जातात न जातात तोच भिंतीवर पाना वाजायचा. टक टक, जरा थांबून टक. मिस्त्री बोलावताहेत. तुम्ही हातातला घास ताटात टाकून उठायचात. एकदा म्हणून ‘जेवून येतो’ म्हणाला नाहीत. मी आजारी होते तेव्हाही उठलात. मूल पोटातच गेलं, त्या दिवशीही उठलात. उरलेलं ताट मी झाकून ठेवायची, संध्याकाळी तुम्ही ते तसंच गार खायचात, आणि जेवण चांगलं झालंय म्हणायचात.

ती पुन्हा आली तर भेटू नका. एवढं ऐका.

१३ फेब्रुवारी

ती माझ्याकडे आली होती.

दुपारी कडी वाजली, उघडलं तर दारात ही. आत या म्हणावंच लागलं. खुर्ची दिली तर बसली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवर हात ठेवून उभी राहिली, कोणाचा ताप बघावा तशी. तुमच्या आई उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आल्या. मला स्वतःच्या हातानं पाणी दिल्याचं आठवत नाही.

तिनं हळू आवाजात विचारलं, “त्या संध्याकाळी तुम्ही इथंच होता ना?”

मी म्हटलं होते.

“बाबांच्या हाताची बोटं सोललेली होती. पाना जवळ पडला होता. तुम्हाला काही ऐकू आलं नाही?”

मी म्हटलं, मशीनचा आवाज असतो. तर म्हणते, शनिवारी मशीन दुपारीच बंद केलं होतं, पट्टा बदलायचा होता. मी म्हटलं, मग नळ चालू असेल, मी पाणी भरत होते, बाई, घरात हजार कामं असतात. ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. तिला माझी कीव येत होती. तेवढं मात्र सहन झालं नाही.

जाताना म्हणाली, “मी त्यांना माफ केलंय. कोर्टातही तसं सांगणार आहे.” मला केलं की नाही ते बोलली नाही. मी विचारणार होते, पण तिच्याकडे मागायचं म्हणजे फारच झालं.

तुमच्या आईंनी तिचा पेला वेगळा ठेवलाय.

२ मार्च

अहो,

तीन पत्रांना उत्तर नाही. तुम्ही जिवंत आहात हे मला वकिलांकडून कळतं, आणि तुम्ही काय म्हणता हे तिच्याकडून, म्हणजे ऑफिसच्या खिडकीशी उभं राहणाऱ्या लोकांकडून. बर्फ न्यायला आलेली गाडीवाली माणसं मला बघून गप्प होतात. परवा मासळीवाला पाठमोरा होता म्हणून बोलत राहिला. “बाईनं डोकं लढवलं आणि गरीब माणूस लटकला.” मी त्याच्या अगदी मागं उभी होते. सावकाश वळला, मला बघितलं आणि ताजा माल आहे म्हणाला.

गरीब माणूस. भोळा माणूस. गाय. सगळ्यांना तुमची दया येते. हात तुमचा, खिसा तुमचा, टोपी तुमच्याकडे, आणि डोकं म्हणे माझं. मी एवढी हुशार आहे हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. लग्नापासून या घरात मला अक्कल नाही हेच ऐकत आले.

ठीक आहे. म्हटलं होतं. लिहूनच टाकते, म्हणजे तुम्हाला ते कोर्टात फुगवून सांगता येणार नाही. जेवढं होतं तेवढं असं.

मालकांनी नवा कारखाना काढायचं ठरवलं तेव्हाची गोष्ट. तुम्ही आनंदात होतात. म्हातारा तिकडे जाईल, इकडचं मोठेपण आपल्याकडे येईल, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी मनातल्या मनात पडदे लावून मोकळी झाले. मग एक दिवस तोंड पाडून घरी आलात. म्हातारा कुठं जात नाही, आणि इथलंही सोडत नाही. मी विचारलं, का? तुम्ही जेवायला बसलात. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. तेव्हा मी ते बोलले. “रोज बंद होताना एकटा कोठीत जातो ना तुमचा देव? खुंटीवरची टोपी एक दिवस कोणी उचलली, तर आत कोण आहे ते वॉचमनच्या बापालाही कळायचं नाही.”

एवढंच. एकदाच. रोज नाही. तुम्ही काय केलंत? पाणी मागितलंत. मी पाणी दिलं. पुढे तुम्ही आईंच्या औषधाचं काहीतरी बोललात. आता सांगा, याला भरीस घालणं म्हणतात? माझ्या जिभेला बोटं फुटलीत का टोपी उचलायला?

पण एक मनातलं लिहिते, वाचणाऱ्या साहेबांनी हवं तर मान फिरवावी. पोलीस तुम्हाला घेऊन गेले, त्यांनी मला सांगितलं की तुमच्या नवऱ्यानं टोपी काढली, तेव्हा मी उंबऱ्यावर बसले. रडले. जेवले नाही. आणि त्यातच कुठंतरी, अगदी आत, मला बरं वाटलं. म्हणजे त्या दिवशी ताटावर मान घालून बसला होतात तेव्हा तुम्ही ऐकत होतात. त्याच्या ठोकीपुढे माझा शब्द कधी टिकला नव्हता, तो एकदा टिकला. असं वाटणं चांगलं नाही हे मला कळतं. कोणाला सांगू नका.

कोर्टात मात्र मी मागितलं तेच बोला. माझं नाव नको. लोकांनी मला दूषण देणं वेगळं आणि तुम्ही तिच्यासमोर देणं वेगळं. तिला जर वाटलं की तुम्ही मुळात चांगले आणि मीच काय ती वाईट, तर उद्या सुटून आल्यावर तुम्ही कोणाच्या दारात जाल हे मला दिसतंय. वरच्या घरात. गच्चीवर खुर्ची टाकून बसाल, राखाडी स्वेटर घालून.

१९ मार्च

तुमचं पत्र मिळालं.

तीनदा वाचलं. एकदा उभ्यानं, एकदा बसून, एकदा तुमच्या आईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या उठून आत गेल्या आणि तुमच्या लहानपणीचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. मग माझ्यासाठी चहा केला.

मला आत्ता लिहवत नाही. उद्या लिहीन.

२० मार्च

अहो,

मागितलं होतं एक वाक्य आणि तुम्ही पानभर दिलंत. एवढं लांब पत्र तुम्ही मला आधी कधी लिहिलं नव्हतं.

तुमचं पत्र मला पाठ झालं आहे. मालक आणि मोठे मिस्त्री मशीनच्या पलीकडे बोलत होते आणि तुम्ही अलीकडे वाकून तेल घालत होतात. मालकांनी तुमचं नाव काढलं. मोठे मिस्त्री म्हणाले, “त्याचा हात चांगला आहे, पण तो दुसराच बरा. पहिला व्हायला लागतं ते त्याच्यात नाही. मी आहे तोवर असू दे माझ्या हाताखाली.” प्रेमानंच म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी तुम्हाला पाठीवर नेलं होतं, तेच हे म्हणाले. त्या दिवसापासून तुम्ही येता जाता त्या खुंटीकडे बघत होतात. नंतर शनिवारी टोपी दिसली, आसपास कोणी नव्हतं, काढलीत, खिशात घातलीत, मालकांच्या गाडीत जाऊन बसलात. टाकवली नाही, कारण ती त्यांची होती.

हे सगळं मी समजू शकते. खरंच समजू शकते. मला कोणी दुसरीच बरी म्हटलं की काय होतं ते माझ्याइतकं कोणाला कळणार? तुम्ही त्या दिवशी घरी येऊन हे मला सांगितलं असतंत तर आपण दोघं मिळून त्याला शिव्या दिल्या असत्या, आणि कदाचित तेवढ्यावर भागलं असतं.

पण पुढे तुम्ही काय लिहिलंय? ‘तू टोपीचं काही बोललीस म्हणतेस, ते मला आठवत नाही. जेवताना मी तुझ्या बोलण्याकडे फारसं लक्ष देत नसे. पोलिसांपुढे तुझं नाव घेतलं, कारण त्यांच्याबद्दल असं माझ्याच मनात आलं हे मला सांगवत नव्हतं. ताई म्हणाल्या, बायकोच्या मागे लपू नका. त्यांचं म्हणणं पटलं. तुझा यात काही संबंध नाही. तू मोकळी आहेस.’

फारसं लक्ष देत नसे.

मी फेब्रुवारीपासून गळा काढतेय, ओळीवर ओळी लिहितेय, की माझं नाव काढा. नाही काढलंत. ती एकदा म्हणाली आणि काढलंत. माझं निर्दोष असणंसुद्धा मला तिच्या हातून घ्यावं लागलं. काल तुमच्या आईंनी केलेला चहा मी प्याले. साखर बरोबर होती. त्या म्हणाल्या, “बाई, तुझी काही चूक नव्हती गं.” ते ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. मी ओल्या भिंतीकडे बघत बसले. मासळीवाला, गाडीवाले, सगळे आता म्हणतील की बिचारीला उगाच बोल लावला, तिला कोण विचारत होतं. खरंच, मला कोण विचारत होतं? तुम्ही मोठे व्हायचं ठरवलंत तुमच्या मनानं, मारायचं ठरवलंत तुमच्या मनानं, मारलंत त्याच्यासाठी, रडलात त्याच्यासाठी, कबूल केलंत तिच्यासाठी. या सगळ्यात मी कुठं होते? ताट वाढत होते.

तर आता ऐका. जेवत नाही आहात, तेव्हा लक्ष देता येईल.

त्या शनिवारी तुम्ही कारखाना बंद व्हायच्या जरा आधी मालकांबरोबर निघालात. मशीन बंद होतं. संध्याकाळी वॉचमननं अडसर घातल्याचा आवाज मी ऐकला, तो भिंतीतून येतोच. मी चूल पेटवत होते. काडेपेटी ओली, काडी पेटेना. आणि भिंतीवर टक टक झालं, जरा थांबून टक.

मी सवयीनं तुमच्या पाटाकडे बघितलं. तुम्ही नव्हतात. टोपीचं मला काही माहीत नव्हतं, हे खरं धरा. पण अडसर पडल्यावर आतून ठोक येते म्हणजे काय, हे कळायला मला मिस्त्री व्हायला नको होतं. मागचं दार उघडून चार पावलं गेलं की अडसर. तो मला एकटीला उचलता येतो, मी पूर्वी उचललाय, घरी बर्फ लागला तेव्हा.

पुन्हा ठोक आली. जोरात. मी भिंतीजवळ गेले. मला वाटलं, या माणसानं माझ्या नवऱ्याला कधी पोटभर जेवू दिलं नाही. माझ्या घरातून माझ्या माणसाला तो पान्यानं उठवून न्यायचा, आणि मला कधी विचारलं नाही. मी तोंड भिंतीला लावून म्हटलं, “ठोका. आज कोणी उठायचं नाही.”

त्यांनी ते ऐकलं असेल. कारण मग ते थांबले आणि त्यांनी हाक मारली. भिंत जाड आहे, शब्द पुसट येतात, पण हाक तुमच्या नावाची नव्हती. ते म्हणाले, “सूनबाई.” मला ते कायम सूनबाई म्हणायचे. मी नळ पूर्ण सोडला. घागर भरली, बादली भरली, पातेली भरली, पेले भरले. घरात रिकामं भांडं होतं तोवर नळ बंद केला नाही. बंद केला तेव्हाही ठोक येत होती, पण पान्याची नव्हती, हाताची होती. तुमच्या आई बाहेर बसल्या होत्या, त्यांना काही ऐकू येत नाही. मी चूल पेटवली, स्वयंपाक केला, त्यांना वाढलं. मी जेवत असताना भिंत गप्प झाली. त्या दिवशी मी सगळं ताट संपवलं.

रविवारभर मी घराबाहेर पडले नाही. उघडायला जाणार होते. दोनदा दारापर्यंत गेले. पण मग इतका वेळ का नाही आलीस, असं कोणी विचारलं तर काय सांगणार होते?

तेव्हा तुम्ही मला मोकळी म्हणू नका. टोपी काढून तुम्ही निघून गेलात तेव्हा ते जिवंत होते. तुम्ही फक्त खुंटी रिकामी केलीत. पुढचं माझं आहे. तुम्ही ते केलं नाहीत, तिला ते माहीत नाही, मला कोणी भरीस घातलं नाही. ते माझं एकटीचं आहे आणि ते मी तुम्हाला आपल्या मनानं देतेय, तिच्या सांगण्यावरून नाही.

साहेब, तुम्ही इथवर वाचलंच असेल. हे पत्र लगेच आत देऊ नका. आधी तुमच्या वरच्या साहेबांना दाखवा, त्यावर जो काही शिक्का मारायचा तो मारा, माझा पत्ता पाकिटावर आहे. मी घरीच असते. यायचं तर सकाळी या, दुपारी आईंना जेवायला लागतं. त्यांच्यासाठी शेजारणीला सांगून ठेवलंय. मग पत्र आमच्या यांना द्या, आणि ते वाचत असतील तेव्हा त्यांना मध्येच कोणी उठवू नका.

अहो, मी वकिलांकडे जाऊन आले. गोष्ट कोणाची ते न सांगता नुसतं विचारलं. ते म्हणाले, एका गुन्ह्यात दोघं असले की एकाच कागदावर दोघांची नावं येतात, एकाखाली एक. लग्नाच्या पत्रिकेनंतर आपली नावं कुठं एकत्र छापून आली नव्हती. मी तिचंही विचारलं. ती साक्षीदार. साक्षीदारांचा कागद वेगळा असतो.